डायलच्या दोरीपासून एफएमच्या टॉवरपर्यंत : आमची वाटचाल

आज आमची फर्म एफएम केंद्रांची कामं घेते. टॉवरवर अँटेना चढवणं, फीडर केबल (ट्रान्समीटरपासून अँटेनापर्यंतची) ओढणं, अर्थिंग, स्टुडिओचं वायरिंग आणि वर्षभराची देखभाल. सुरुवात झाली ती जळगावात, रेडिओ दुरुस्तीच्या टेबलावर. तेव्हा सेट यायचे ते बहुतेक दोनच तक्रारींचे. एकतर डायलची दोरी तुटलेली, नाहीतर गँगच्या, म्हणजे स्टेशन लावणाऱ्या कपॅसिटरच्या, पात्यांत धूळ बसून स्टेशन फिरवताना खरखर. दोरी बसवायची तर चाकाला वेढे नीट, स्प्रिंग ताणलेली आणि गँग पूर्ण मिटलेला असताना काटा ५३०च्या आसपास. मग आकाशवाणी जळगाव ९६३ किलोहर्ट्झवर स्वच्छ लागलं की सेट पास. मीडियम वेव्ह जमिनीला धरून पसरते. गिऱ्हाइकाला अँटेनाची फिकीर नव्हती, सेटमधली फेराइटची कांडी पुरत होती.

भारतातलं पहिलं एफएम प्रक्षेपण १९७७ साली मद्रासहून झालं, पण आमच्या धंद्याला त्याचा स्पर्श व्हायला फार वर्षं लागली. रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये दिला आणि २००१ च्या जुलैत बंगळुरूला पहिलं खासगी एफएम सुरू झालं. त्या पहिल्या टप्प्यात परवाना शुल्क दरवर्षी १५ टक्क्यांनी वाढायचं. जाहिराती तशा वाढत नाहीत, त्यामुळे कंपन्या मेटाकुटीला आल्या. २००५ च्या धोरणात एकरकमी प्रवेश शुल्क आणि एकूण उत्पन्नाच्या ४ टक्के असा हिशोब आला, तेव्हा कुठे लहान शहरांत केंद्र चालवणं परवडू लागलं. २००६ च्या धोरणाने संस्थांना कम्युनिटी रेडिओही (स्थानिक लोकांसाठीचं छोटं, ना-नफा केंद्र) खुला झाला. त्याच सुमारास मोबाइलमध्ये एफएम आलं, इअरफोनची वायर हाच अँटेना. दुरुस्तीचं टेबल रिकामं झालं आणि आम्ही टॉवरखाली गेलो.

एफएमचं गणित मीडियम वेव्हच्या उलट. ही लहर जवळपास सरळ रेषेत जाते, म्हणून इथे वॉटपेक्षा उंची बोलते. टॉवरच्या उंचीचं मीटरमधलं वर्गमूळ काढून ४.१२ ने गुणा, साधारण तेवढे किलोमीटर क्षितिज. ३० मीटरला साडेबावीस येतात. कम्युनिटी केंद्राला ३० मीटरच्या वर जाता येत नाही आणि प्रभावी शक्तीची (अँटेनाची वाढ धरून) मर्यादा एरवी १०० वॉट, म्हणून घरातल्या साध्या सेटवर खात्रीचं ऐकू येतं ते ८-१० किलोमीटर. तापीकाठच्या सपाटीवर हा हिशोब बऱ्यापैकी जुळतो. सातपुड्याच्या पायथ्याला, चोपडा-यावलच्या वरच्या अंगाला, टेकडीमागचा पाडा तीन किलोमीटरवर असूनही कोरडा राहतो. तिथे ट्रान्समीटर मोठा करून उपयोग नाही. जागा ठरवायच्या आधी गाडीतला रेडिओ आणि छोटा चाचणी ट्रान्समीटर घेऊन फिरावं, पण त्यालाही परवानगी लागते, हे विसरू नये.

केबलमध्ये पैसे वाचवू नका, हे प्रत्येक बैठकीत सांगतो आणि प्रत्येक बैठकीत त्यावरच घासाघीस होते. १०० मेगाहर्ट्झला आरजी-२१३ या साध्या केबलची ३० मीटर लांबी सुमारे २ डेसिबल खाते, म्हणजे ५० वॉट पाठवले तर वर ३१-३२ पोहोचतात. अर्धा इंची फोम केबल घेतली तर ४२-४३ मिळतात. उरलेल्या वॉटची केबलमध्ये नुसती उष्णता होते.

खरी डोकेदुखी जोडाची. कनेक्टर एप्रिलमध्ये बसवतात, दोष दिसतो मृगाच्या पहिल्या पावसात. नुसता पीव्हीसी टेप गुंडाळला की मेच्या उन्हात त्याचा गोंद वितळतो, टेप सुटतो, पाणी जोडातून आत शिरतं आणि केबलच्या तांब्यावर हिरवट थर येतो. अँटेनाकडून ट्रान्समीटरकडे परतणारी शक्ती वाढते. स्टँडिंग वेव्हचं गुणोत्तर (या परतीचं माप) १.५ असेल तर ४ टक्के परत येते, २ झालं की ११. ट्रान्समीटर स्वतःला वाचवण्यासाठी शक्ती कमी करतो आणि ऐकणारा म्हणतो, 'पाऊस आला की स्टेशन जातं.' उपाय साधा आहे. आधी स्वतःत मिसळणारा रबरी टेप अर्धा अर्धा चढवत ओढून गुंडाळा, त्यावर पीव्हीसी टेप खालून वर, म्हणजे प्रत्येक वरचा वेढा खालच्यावर येतो आणि पाणी ओघळून जातं. खोलीत शिरण्यापूर्वी केबलला खाली झुकणारा वळसा द्या, थेंब तिथूनच गळतो. टॉवरवर चढण्यापूर्वी दुर्बिणीतून एकदा वर बघा. आग्या माश्यांचं पोळं असेल तर त्या दिवशी काम नाही.

आता अर्थिंग. खानदेशात केंद्र बंद पडण्याची कारणं मोजली तर आमच्या अनुभवात हे पहिलं. आपली काळी कपाशीची जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अर्थिंगच्या खड्ड्यातला इलेक्ट्रोड, म्हणजे धातूचा दांडा, आणि माती यांच्यात पोकळी राहते. ऑगस्टमध्ये २ ओहम रोध दाखवणारा खड्डा मे महिन्यात त्याच्या कितीतरी पट दाखवतो, आणि वळवाच्या विजा नेमक्या मे-जूनमध्ये. म्हणून मोजमाप मेमध्येच घ्यायचं, ५ ओहमच्या आत हवं, २ च्या जवळ आलं तर उत्तम. खड्डा तीन मीटर, भोवती बेंटोनाइट (ओल धरणारी माती), कारण नेहमीच्या मीठ-कोळशाच्या भरावातलं मीठ पाण्याबरोबर वाहून जातं आणि लोखंड खातं. खड्ड्याला ठिबकची एक नळी सोडून ठेवली की ओल टिकते. केळीच्या बागेवाल्यांना हे सांगावं लागत नाही.

याहून मोठी चूक म्हणजे टॉवरचं अर्थिंग वेगळं आणि स्टुडिओचं वेगळं ठेवणं. 'वीज टॉवरवर पडेल, स्टुडिओ सुरक्षित,' असं समजून लोक तसं करतात. पडते तेव्हा दोन्ही अर्थमध्ये हजारो व्होल्टचा फरक उभा राहतो आणि तो मिक्सर, संगणक आणि माइकच्या तारांतून भरून निघतो. सगळे खड्डे २५ बाय ३ मिलीमीटरच्या जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पट्टीने एकमेकांना जोडा. केबलचं बाहेरचं आवरण वर, खाली आणि भिंतीत शिरण्याआधी, अशा तीन ठिकाणी अर्थला बांधा.

उष्णतेचं थोडक्यात. एक किलोवॉटचा ट्रान्समीटर ५००-६०० वॉट उष्णता सोडतो आणि भुसावळ-जळगावला मेमध्ये बाहेर ४५ अंश असतात. गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये एकच एसी ठेवणं म्हणजे त्याच्या बिघाडाची वाट बघणं. दोन लावा, आळीपाळीने चालवा. यूपीएसच्या बॅटऱ्या त्या खोलीत नकोत, २५ अंशांच्या वर दर १० अंशांमागे त्यांचं आयुष्य जवळपास निम्मं होतं. दिवाळीनंतर जिनिंग सुरू झालं की कापसाचे तंतू पंख्यांच्या जाळीवर गोधडीसारखे बसतात, तेव्हा फिल्टर दर आठवड्याला झाडायचा.

स्टुडिओबद्दल एकच सांगतो : भिंतीला अंड्यांचे ट्रे लावू नका. त्याने बाहेरचा आवाज अडत नाही, आग मात्र लगेच लागते. ५० मिलीमीटर रॉकवूल (दगडी लोकर), त्यावर कापड, दाराच्या फटीला रबर.

गेली काही वर्षं आम्ही जाहिरातीही ध्वनिमुद्रित करून देतो. सराफ, बियाणंवाले, ठिबकवाले. तीस सेकंदांत मराठीचे ६०-६५ शब्द बसतात, अहिराणीचे तेवढेच. धुळे-साक्रीकडची अहिराणी आणि यावल-रावेरची लेवा गणबोली एकाच आवाजात उरकू नये, ऐकणाऱ्याला पहिल्या वाक्यात कळतं. स्थानिक गाणं वाजवायचं तर गायक, गीतकार, संगीतकार आणि निर्माता अशा सगळ्यांची लेखी संमती घ्या. कम्युनिटी केंद्राला २०२४ पासून तासाला १२ मिनिटं जाहिरात चालते, सरकारी जाहिरातीचा दर दहा सेकंदांना ७४ रुपये, आणि प्रसारित झालेलं सगळं तीन महिने जपून ठेवावं लागतं.

देखभालीचा करार आम्ही एप्रिलपासून करतो. पहिली भेट मेच्या दुसऱ्या आठवड्यात, अर्थ टेस्टर आणि पॉवर मीटर घेऊन, दुसरी पहिल्या पावसानंतर, तिसरी दिवाळीच्या आसपास. फक्त बिघाड झाल्यावर बोलवायचं असेल, तर दर वेगळा आहे.