इन्का ट्रेल: पायऱ्या, पायऱ्या आणि परत पायऱ्या
पेरूमधल्या माचू पिच्चूला, म्हणजे इन्का लोकांच्या डोंगरातल्या जुन्या शहराला, ट्रेनने पण जाता येतं, पण नवऱ्याला इन्का ट्रेलने चालतच जायचं होतं आणि खरं सांगायचं तर मलाही. परमिट मात्र महिनोन्महिने आधी काढावं लागतं, कारण रोज फक्त 500 जणांना सोडतात न् त्यात गाईड, पोर्टर पण धरलेले, शिवाय गाईडशिवाय जाताच येत नाही आणि फेब्रुवारीत तर ट्रेल बंदच असतो.

कुस्को शहर साधारण 3,400 मीटरवर आहे, तिथे आधी थांबून विरळ हवेची सवय करून घ्याच. ट्रेलवरची वार्मिवान्युस्का खिंड 4,200 मीटरच्या आसपास, म्हणजे थोडं चढायचं, दम खायचा, परत थोडं चढायचं, आणि तेवढ्यात पोर्टर लोक तंबू-भांडी पाठीवर घेऊन बाजूने अक्षरशः पळत जातात, लाजच वाटते राव!

मला स्वतःला वाटेतले विन्याय वायनाचे जुने अवशेषच जास्त आवडले, डोंगरउतारावर इन्कांच्या शेतीच्या पायऱ्या आणि गर्दी जवळजवळ नाहीच. इंती पुंकू म्हणजे सूर्यदरवाजा, तिथून माचू पिच्चूचं पहिलं दर्शन होतं म्हणतात, आम्हाला नुसतं धुकं दिसलं, नवरा म्हणाला पैसे परत मागूया का :) नंतर उघडलं एकदाचं. आणि हो, काठ्या घ्या, टोकाला रबर लावलेल्याच चालतात, उतरताना गुडघे दुवा देतील.