आमची वाटचाल: बाद झालेला नोड आणि आप्पांचे हिशेब

सांगलीतलं आमचं दुकान २००६ पासूनचं. आधी असेंबल्ड पीसी आणि प्रिंटर, मग सीसीटीव्ही. ती वर्षं नीट गेली.

२०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट. हळदीचे व्यापारी आप्पा आमचं पहिल्या वर्षापासूनचं गिऱ्हाईक. त्यांच्या पेढीतला कॉम्प्युटर आणि बॅकअपचा पेनड्राइव्ह एकाच कपाटात होते, दोन्ही बुडाले. पाणी ओसरल्यावर आप्पा दुकानात आले आणि म्हणाले, "हिशेब असा ठेव, की सांगली बुडाली तरी तो बुडू नये."

त्या दिवाळीत मी आणि माझ्या भागीदारानं स्टोर्जचा नोड लावला. स्टोर्ज म्हणजे लोकांच्या फायलींचे तुकडे जगभरच्या मशीनवर ठेवणारं नेटवर्क, आणि नोड म्हणजे त्यातलं एक मशीन, आपली डिस्क भाड्यानं देणारं. गिऱ्हाइकाचा माल ज्या गोदामात ठेवायचा, ते आतून कसं चालतं हे आपल्याला कळायला नको?

मशीन म्हणजे जुना आय-थ्री, ८ जीबी रॅम, उबंटू आणि नोडचा प्रोग्राम चालवायला डॉकर. डिस्क मात्र मी निवडून घेतल्या. डीव्हीआरमधून उतरवलेल्या ४ टीबीच्या दोन डब्ल्यूडी पर्पल. कॅमेऱ्यासाठी बनलेल्या, चोवीस तास फिरणाऱ्या, सीएमआर, म्हणजे डेटाच्या पट्ट्या शेजारी-शेजारी लिहिणाऱ्या. एसएमआर डिस्क (पट्ट्या एकमेकींवर चढवून लिहिणारी) नोडला लावू नका, बारीक फायली लिहिताना ती गुडघे टेकते. केबलवाल्याशी आठवडाभर भांडून स्टॅटिक आयपी घेतला, कारण सीजीनॅटच्या (अनेक गिऱ्हाइकांत वाटलेल्या एकाच आयपीच्या) मागून नोडचा २८९६७ पोर्ट बाहेरून दिसतच नाही. आयडेंटिटी, म्हणजे नोडची ओळख असलेली फाईल, तयार व्हायला अख्खी रात्र गेली. पहाटे ती फाईल मी तीन ठिकाणी कॉपी केली.

आठ महिन्यांत अडीच टीबी भरला. मग २०२० च्या जूनमधली ती रात्र. पाऊस, लाइट गेली, पहाटे बॅटरीही बसली. लाइट आल्यावर मशीन उठलं, डिस्क उठली नाही. भागीदारानं एफएसटॅबमध्ये (बूट होताना जोडायच्या डिस्कच्या यादीत) 'नोफेल', म्हणजे डिस्क नसली तरी पुढे जा, असं लिहून ठेवलं होतं. मी त्याला आधीच विचारलं होतं, "हे कशाला?" म्हणाला, "बूट अडकायला नको." बूट अडकलं नाही. डॉकरला माउंट पॉइंटचं, म्हणजे डिस्क जिथं जोडली जाते त्या जागेचं, रिकामं फोल्डर मिळालं आणि नोड त्यावर खुशाल सुरू झाला. सॅटेलाइट, म्हणजे नोडवर देखरेख ठेवणारे स्टोर्जचे सर्व्हर, ऑडिटला (तपासणीला) तुकडा मागायचे, आमच्याकडे तो नाही. सकाळी १४००२ पोर्टवर नोडचा डॅशबोर्ड उघडला तेव्हा एकामागून एक सॅटेलाइट आम्हाला बाद करत होते. हा निकाल फिरत नाही. स्टोर्जनं राखून ठेवलेली आमची रक्कमही गेली. पहिले तीन महिने ७५ टक्के, पुढचे तीन ५० आणि मग २५ टक्के कापली गेलेली कमाई होती ती.

त्याच दिवशी भागीदारानं पेठेत सांगितलं, "दुकानाचा सगळा डेटा उडाला." दुपारी आप्पा तोंडाला मास्क लावून दारात उभे. म्हणाले, "माझे हिशेब?"

मी काही बोललो नाही. एक कोरा लॅपटॉप काढला, आप्पांनी त्यांच्या डायरीतला पासफ्रेज (लांबलचक पासवर्ड) वाचून दाखवला, मी टाइप केला. त्यांच्या पेढीचा डेटा त्यांच्याच मशीनवर एन्क्रिप्ट होऊन, ८० तुकडे होऊन जगभरच्या नोडवर गेला होता. कुठलेही २९ मिळाले की फाईल उभी राहते. पाच मिनिटांत टॅली उघडलं. आप्पांनी आदल्या दिवसाची शिल्लक बोटानं मोजून पाहिली आणि चहा सांगितला. आमचा नोड मेला, पण एकाही गिऱ्हाइकाची एकही फाईल गेली नाही. हे मी आजही छाती पुढे काढून सांगतो.

भागीदार गेला. जाताना गिऱ्हाइकांची यादी घेऊन गेला. २०२१ मध्ये त्यानं फाईलकॉईनच्या (स्टोर्जसारख्याच दुसऱ्या नेटवर्कच्या) नावावर मशीन विकली, महिन्याला ठरलेलं उत्पन्न सांगून. गहाण ठेवायचे कॉईन, सीलिंगला (डेटा साठवल्याचा पुरावा देता यावा म्हणून तो बांधून ठेवायला) लागणारी मशीनची ताकद, यातलं लोकांना काहीच सांगितलं नाही. पैसे बुडाल्यावर लोक माझ्या दारात आले, कारण धंदा 'तोच' ना! दोन वर्षं मी नोड हा शब्द दुकानात उच्चारला नाही.

मग दुसऱ्या डिस्कवर नवा नोड लावला, पुन्हा पहिल्यापासून. प्रत्येक सॅटेलाइटचे १०० ऑडिट होईपर्यंत माल थेंबथेंब येतो. आता सॉफ्टवेअर सुरू होताना खुणेची फाईल तपासतं, पण तेवढ्यावर विसंबू नका. डेटा थेट माउंट पॉइंटवर ठेवू नका, डिस्कच्या आत एक फोल्डर करा आणि डॉकरला तेच द्या. डिस्क आली नाही तर फोल्डर नाही, फोल्डर नाही तर नोड नाही. दुसरा नोड मिरजेत, वेगळ्या लाइनवर ठेवला, कारण एकाच /२४ मधले (आयपीचे पहिले तीन आकडे सारखे असलेले) नोड स्टोर्ज एकच धरतं. साठवलेल्या टीबीमागे महिन्याला दीड डॉलर, त्यावर करही. विजेचं बिल आधी मोजा, मगच डिस्क घ्या.

गेल्या वर्षी भागीदाराचा फोन आला. पडून असलेल्या मशीनमधल्या डिस्क विकायच्या होत्या. मी बाजारभाव सांगितला. घेतल्या नाहीत.