फादर स्टीफन्स यांचे गोव्यातले पहिले सतरा दिवस

फादर थॉमस स्टीफन्स मराठी वाचकाला भेटतात ते थेट १६१६ मध्ये, ‘ख्रिस्तपुराण’ या ओवीबद्ध मराठी ग्रंथाचे कर्ते म्हणून. तोवर त्यांनी पासष्टी ओलांडलेली असते, दक्षिण गोव्यातल्या सासष्टीच्या गावांमध्ये उभी हयात गेलेली असते आणि अकरा हजारांच्या घरातल्या ओव्या लिहून झालेल्या असतात. इंग्रज असूनही मराठीवर केवढे हे प्रेम, असे म्हणून पाठ्यपुस्तक पान उलटते. मला मात्र या पिकल्या स्टीफन्सपेक्षा, १५७९ च्या ऑक्टोबरात मांडवीच्या काठी उतरलेल्या आणि इथले अवाक्षरही न कळणाऱ्या तिशीतल्या स्टीफन्सबद्दल अधिक कुतूहल वाटत आले आहे. सुदैवाने त्या तरुणाने बोटीवरून उतरल्यावर सतराव्या दिवशी, १० नोव्हेंबरला, लंडनमधल्या आपल्या व्यापारी वडिलांना एक लांबलचक पत्र लिहिले आणि पुढे रिचर्ड हॅक्लुट यांनी इंग्रजांच्या प्रवासवृत्तांतांच्या संग्रहात ते छापल्यामुळे ते आपल्यापर्यंत पोहोचले.

हा तरुण मायदेशात राहून धर्मगुरू होऊ शकत नव्हता, हे आधी ध्यानात घ्यायला हवे. एलिझाबेथ राणीच्या इंग्लंडमध्ये कॅथलिक असणे धोक्याचे आणि येशूसंघी, म्हणजे जेझुइट, असणे तर जिवावर बेतणारे होते. स्टीफन्स आणि त्यांचे मित्र थॉमस पाउंड यांनी मिळून रोमला निघून जाण्याचा बेत केला होता. पाउंड पकडले गेले आणि त्यांच्या आयुष्याची पुढची सुमारे तीस वर्षे वेगवेगळ्या तुरुंगांत गेली. स्टीफन्स एकटेच रोमला पोहोचले आणि १५७५ मध्ये येशूसंघात दाखल झाले. त्या काळी पूर्वेकडच्या मिशनची वाट लिस्बनवरून जात असे, कारण इकडच्या धर्मकार्याची सूत्रे पोपने पोर्तुगालच्या राजाकडे सोपवलेली होती. म्हणून एक इंग्रज माणूस पोर्तुगीज जहाजावरून, इटलीत घेतलेल्या शिक्षणाच्या बळावर, कोकणच्या किनाऱ्याकडे निघाला.

४ एप्रिल १५७९ रोजी पाच जहाजांचा ताफा कर्णे वाजवत आणि तोफा उडवत लिस्बनहून निघाला. जहाजांवर बायकामुलेही होती आणि ती समुद्र पुरुषांपेक्षा चांगला सोसतात, याचे स्टीफन्स यांना नवल वाटले. मदेराजवळच्या पोर्तो सांतो बेटापाशी त्यांचे जहाज एकटे असताना एका इंग्रज जहाजाने त्याच्यावर थोडा मारा केला. पोर्तुगीजांनी आपल्या मोठ्या तोफा पुढे काढताच ते आल्या वाटेने निघून गेले. ते जहाज मोठे आणि देखणे होते आणि ते असल्या उद्योगाला लागलेले पाहून आपल्याला वाईट वाटले, एवढेच स्टीफन्स लिहितात. वडिलांना लिहिलेल्या या एका वाक्यात किती अवघडलेपण असेल, याचा विचार मी पुष्कळदा केला आहे. चालून आलेले लोक आपल्या भाषेचे आणि आपण बसलो आहोत ते जहाज परक्यांचे, अशा अवस्थेत त्यांचा परदेशवास सुरू झाला.

पत्राचा बहुतेक भाग समुद्राने व्यापला आहे आणि तो वाचनीय आहे, कारण या माणसाला नीट पाहता येते. माणसाएवढ्या लांबीचे शार्क मासे जहाजाच्या मागे लागतात, जहाजातून जे पडेल ते गिळतात आणि माणूस पडला तर त्यालाही सोडत नाहीत, असे ते सांगतात. पण त्यांची नजर खरी रेंगाळते ती शार्कभोवती फिरणाऱ्या सहा-सात लहान माशांवर. अंगावर निळेहिरवे पट्टे असलेले हे मासे दोन-तीन पुढे आणि बाकीचे दोन्ही बाजूंना, एखाद्या सरदाराच्या नीटनेटक्या चाकरांसारखे चालतात आणि त्याला कधीच सोडून जात नाहीत. त्याच्या अंगाला चिकटून राहणारे आणखी वेगळे मासे असतात, त्यांचीही नोंद ते करतात. उत्तर-दक्षिण जाताना तारे वाट दाखवतात, पण पूर्व-पश्चिम जाताना दिशा ठरवायला आकाशात एकही स्थिर बिंदू नसतो, ही खलाशांची अडचणही त्यांनी समजून घेऊन वडिलांना समजावली आहे.

केप ऑफ गुड होप ओलांडल्यावर दोन वाटा होत्या. एक मादागास्करच्या आतल्या अंगाने, मोझांबिकला थांबून ताजे अन्नपाणी घेत जाणारी. दुसरी बेटाच्या बाहेरून, मध्ये कुठेही विसावा नसलेली. त्यांच्या वाट्याला दुसरी आली. हिरड्या इतक्या सुजतात की त्या कापून काढाव्या लागतात, पाय सुजतात, सारे अंग दुखून बधिर होते आणि हातपाय न हलवता माणूस अशक्तपणाने मरतो, असे वर्णन स्टीफन्स करतात. हा स्कर्व्ही, ताज्या फळभाज्यांअभावी होणारा आजार. दीडशेहून अधिक माणसे आजारी पडली आणि सत्तावीस मेली, आणि इतर खेपांच्या मानाने हे नुकसान फार नाही असे जहाजावरचे लोक समजत होते. आपली तब्येत मात्र अनेकांच्या अपेक्षेविरुद्ध साऱ्या वाटेवर ठणठणीत राहिली, हे ते आवर्जून सांगतात.

किनारा जवळ आल्याच्या खुणा त्यांनी खलाशांकडून शिकून घेतल्या होत्या. आधी पक्षी दिसतात, मग माडाच्या झावळ्या आणि लव्हाळे तरंगत येतात, आणि शेवटी समुद्रात पोहणारे साप व नाण्याएवढ्या गोल, जणू निसर्गानेच छाप मारलेल्या चकत्या दिसू लागतात. या शेवटच्या दोन खुणा इतक्या खात्रीच्या की वारा अनुकूल असला तर दुसऱ्या दिवशी जमीन दिसतेच. त्यांनाही ती दिसली, आणि तीही जहाजावरचे पाणी व शिधा संपत आला असताना. या भागात बिअर बनवत नाहीत हे तुम्हाला ठाऊक आहेच, असे इथे ते वडिलांना कंसात सांगून घेतात. एवढ्या हालअपेष्टांतही लंडनच्या घरातले पेय आठवणारा हा तरुण मला त्या एका कंसामुळे जवळचा वाटतो.

२४ ऑक्टोबरला गोवा आले. आजच्या दिनदर्शिकेने मोजले तर ती ३ नोव्हेंबर ठरते, कारण पोप ग्रेगरींची कालगणनेतली सुधारणा अजून तीन वर्षे दूर होती. आपले मोठ्या प्रेमाने स्वागत झाले, असे सांगून स्टीफन्स इथल्या माणसांकडे वळतात आणि तिथे त्यांची नजर एकदम सामान्य युरोपियनाची होते. लोक सावळे आहेत पण आफ्रिकेतल्यांसारखे नाकाओठांनी विद्रूप नाहीत, असे ते लिहितात. बहुतेक साधी माणसे कमरेच्या दोऱ्याला अडकवलेल्या वीतभर वस्त्राशिवाय उघडीच असतात, असेही लिहितात. हे वाक्य झाकण्याचे कारण मला दिसत नाही. तो काळच तसा होता, ही सबब खरी असली तरी अपुरी आहे, कारण माशांचे पट्टे इतक्या मायेने टिपणाऱ्या माणसाला लंगोटीच्या आतला माणूस अजून दिसलेला नव्हता.

त्यानंतर येतो तो पत्रातला माझा सर्वांत आवडता भाग. इथल्या फळांविषयी आणि झाडांविषयी आता सांगता येणार नाही, कारण मग याच लांबीचे दुसरे पत्र लिहावे लागेल, असे ते म्हणतात. द्राक्षवेल वगळता युरोपात पाहिल्यासारखे एकही झाड आपल्याला अजून इथे आढळलेले नाही, आणि ती वेलही इथे निरुपयोगीच आहे, त्यामुळे सारी वाइन पोर्तुगालहून येते. पिण्याला इथे चांगले पाणी, माडी आणि नारळ. एवढ्यावर गोवा संपतो. देवाने प्रकृती चांगली ठेवली तर पुन्हा लिहीन, असे म्हणून ते निरोप घेतात.

मी वसईचा. आमच्या धर्मग्रामांतून आजही तरुण फादर आणि सिस्टर मिशनसाठी परदेशी जातात, आणि त्यांचे पहिले फोन ज्यांनी ऐकले आहेत त्यांना हे पत्र अनोळखी वाटणार नाही. विमान कुठे किती तास थांबले, तिथे काय खातात, भात मिळतो की नाही, थंडी किती आहे, पाणी सोसते का. आई पलीकडून विचारते तेही हेच. जीव रमतो का, एकटे वाटते का, हे कुणी विचारत नाही आणि कुणी सांगतही नाही. ही लपवाछपवी आहे असे मला वाटत नाही. मुक्काम अजून नवा असतो आणि अंगात भिनलेला असतो तो फक्त प्रवास. म्हणून बोलता येते ते प्रवासाबद्दलच.

तरीही स्टीफन्स यांनी काय लिहिले नाही याची यादी मोठी आहे. त्या वेळचे गोवा शहर, म्हणजे आजचे जुने गोवे, पूर्वेकडच्या पोर्तुगीज साम्राज्याची राजधानी होते. तिथल्या सेंट पॉल कॉलेजात १५५६ पासून छापखाना होता आणि सेंट फ्रान्सिस झेवियर यांचे शवही तेव्हा तिथेच होते. ते आज जिथे आहे त्या बॉम जेझूच्या चर्चचा पाया घातला जायला अजून पंधरा वर्षे होती. आज त्या कॉलेजची एकच कमान रस्त्याकडेला उभी आहे आणि पर्यटकांच्या गाड्या बॉम जेझूकडे जाताना तिच्यावरून नजरही न फिरवता निघून जातात. त्याच सुमारास अकबर बादशहाचे वकील गोव्यात आलेले होते. त्यांनी धर्मचर्चेसाठी येशूसंघी पाद्री मागितले होते आणि स्टीफन्स यांच्या पत्रानंतर आठवडाभरातच, १७ नोव्हेंबरला, रुदोल्फ अक्वाविवा आणि त्यांचे दोन सोबती फतेहपूर सीक्रीकडे रवाना झाले. गावात नव्या आलेल्या माणसाच्या कानांवर ही खळबळ गेली नसेल, हे शक्य नाही.

याच गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचे धर्मन्यायालय, होते आणि १५६७ मध्ये सासष्टीतली देवळे मोठ्या प्रमाणावर पाडली गेली होती. स्टीफन्स यांना पुढची चार दशके ज्या गावांत घालवायची होती, ती जखम झालेली गावे होती. स्थलांतरिताचे हाल सोसणारा गरीब बिचारा पाहुणा म्हणून मी त्यांच्याकडे पाहू शकत नाही, ते यासाठी. ते सत्तेच्या जहाजातून उतरले होते. पण ती सत्ता त्यांचीही नव्हती. १५८० मध्ये पोर्तुगालचे राज्य स्पेनच्या फिलिपकडे गेले, १५८८ मध्ये स्पेनचे आरमार इंग्लंडवर चालून गेले, आणि हा इंग्रज पाद्री शत्रूदेशात जन्मलेला माणूस म्हणून त्याच राज्यात सेवा करीत राहिला. स्थानिकांना परका आणि राज्यकर्त्यांनाही थोडा परकाच, अशा माणसाला लोकांच्या भाषेचा आधार इतरांपेक्षा जास्त वाटला असावा, असा माझा तर्क आहे. तो सिद्ध करता येणार नाही, पण सोडवतही नाही.

कारण १५७९ च्या पत्रात भाषेबद्दल एक ओळही नाही. १५८३ मध्ये भाऊ रिचर्ड यांना लॅटिनमध्ये लिहिलेल्या पत्रात मात्र ते सांगतात की इथल्या भाषा पुष्कळ आहेत, त्यांचे उच्चार कानाला गोड आहेत आणि त्यांची घडण ग्रीक-लॅटिनशी नाते सांगणारी आहे. भाषापंडित विल्यम जोन्स यांनी कोलकात्यात हीच गोष्ट संस्कृतबद्दल मांडली ती १७८६ मध्ये, म्हणजे दोनशे वर्षांनंतर. त्याच पत्रात सासष्टीतल्या कुंकळ्ळी गावाच्या घटनेचीही हकिगत आहे. १५ जुलै १५८३ रोजी तिथे अक्वाविवांसह पाच येशूसंघी मारले गेले आणि त्याचा सूड म्हणून गावाचे पुढारी पोर्तुगीजांनी दगाबाजीने ठार केले. व्याकरणाचे कौतुक आणि रक्तपात एकाच पत्रात येतात, आणि त्या वर्षांतले गोवा समजायला ही सोबत पुरेशी आहे.

झाडांचा प्रश्न त्यांनी किती वर्षांनी सोडवला हे पाहायचे तर ‘ख्रिस्तपुराणा’कडे जावे लागते. मराठीची थोरवी सांगताना तिथे ते फुलांमध्ये मोगरा निवडतात, पक्ष्यांमध्ये मोर निवडतात आणि वृक्षांमध्ये कल्पतरू. मोगरा आणि मोर परसात दिसतात. कल्पतरू मात्र कुठल्याही बागेत उगवत नाही, तो इथल्या कथाकीर्तनातूनच माणसाला ओळखीचा होतो.

स्टीफन्स यांचे नवखेपण कधी संपले याची तारीख सांगता येत नाही, पण १५८३ च्या अखेरीस ते नक्की संपलेले होते. त्या वर्षी राल्फ फिच, जॉन न्यूबेरी आणि त्यांचे दोन सोबती असे चार इंग्रज इराणच्या आखाताच्या तोंडावरील होर्मुझहून कैदी म्हणून गोव्यात आणले गेले. त्यांच्यावर हेरगिरीचा संशय होता आणि गावात त्यांचे कुणी नव्हते. सेंट पॉलच्या एका फ्लेमिश पाद्र्याबरोबर स्टीफन्स त्यांच्यासाठी धावपळ करत होते. जामीन मिळाला, चौघे बाहेर आले. त्यांच्यातला एक चित्रकार गोव्यातच राहिला आणि बाकीचे पुढच्या वर्षी संधी साधून विजापूरच्या वाटेने निसटले. फिच हिंदुस्थान, ब्रह्मदेश आणि मलाक्का पाहून १५९१ मध्ये लंडनला परतले. स्टीफन्स परतले नाहीत. सासष्टीतच राहिले आणि १६१९ मध्ये गोव्यातच वारले.