दारात स्कूटर असून पायी का?

"सर, दारात स्कूटर उभी आहे, तरी रोज पायीच?" वाचनालयात, भाजीवाल्याजवळ, लग्नाच्या पंगतीतसुद्धा मला हे विचारतात. पाठोपाठ दुसरा प्रश्न असतोच, धुळ्याच्या रस्त्यांवर चालण्यात कसलं समाधान? तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

मी देवपुरात राहतो. पांझरा नदीचा पूल ओलांडून आग्रा रोडला लागतो आणि पुढे गल्ल्यांमधून वाचनालयात जातो. जाऊन-येऊन तासभर लागतो. या तासाभरातले काही तुकडे मला फार आवडतात, तर काही तुकड्यांत जीव मुठीत धरून चालावं लागतं.

आवडतात त्या जुन्या, नंबरवाल्या गल्ल्या. तिथं फुटपाथ नाही, पण अजून काही घरांना ओटे आहेत. उन्हाळ्यात पारा बेचाळीसच्या पुढे जातो, तेव्हा मी गल्लीची सावलीची बाजू धरून चालतो. ओट्यावरची आजी अहिराणीत विचारते, "कथा चालनात सर?", कुठं चाललात, आणि उत्तराची वाट न बघता जरा सरकून बसते. म्हणजे बसा. मी दोन मिनिटं बसतो, पाणी पितो आणि उठतो.

आता फुटपाथाचं. दोन वर्षांपूर्वी गटारीवरच्या फुटक्या ढाप्यात पाय जाऊन माझी पत्नी पडली, मनगट मोडलं. तेव्हापासून ती फुटपाथ असला तरी रस्त्याच्या कडेनंच चालते. लोक म्हणतात, "फुटपाथ असून वापरत नाहीत." मला ते खटकतं. एके दिवशी मी शिवणाची टेप घेऊन गेलो आणि तोच फुटपाथ मोजला. रस्त्यापासून उंची भरली २७ सेंटिमीटर. इंडियन रोड्स काँग्रेस ही रस्त्यांची मानकं ठरवणारी संस्था, तिच्या पादचाऱ्यांसाठीच्या मार्गदर्शिकेत ही उंची १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नसावी असं आहे. गुडघे दुखणाऱ्या बाईनं दर दुकानासमोर २७ सेंटिमीटर चढायचं आणि उतरायचं, मग ती कशाला चढेल? चालायला मोकळी रुंदी किमान १.८ मीटर हवी, म्हणजे समोरासमोरून दोन चाकाच्या खुर्च्या सहज जातील. तिथं मधोमध विजेचा खांब होता. खांबाच्या एका बाजूला मला ४० सेंटिमीटर जागा मिळाली, दुसऱ्या बाजूला तेवढीही नाही.

रस्ता ओलांडणं त्याहून कठीण. सिग्नलचा हिशेब साधारण सेकंदाला १.२ मीटर या चालीवर धरतात. बारा मीटरचा रस्ता त्या चालीनं दहा सेकंदांत पार होतो. माझ्या पत्नीला अठरा लागतात, मी घड्याळ लावून पाहिलंय. ती मध्यावर पोचते तोवर मोटारसायकली सुटलेल्या असतात.

हातगाडीवाल्या विक्रेत्यांवर मात्र मी राग धरत नाही. फेरीवाल्यांसाठीच्या २०१४ च्या कायद्यानं त्यांनाही जागा ठरवून द्यायची आहे, ती द्यावी. केळीवाल्याच्या छत्रीखाली मी कितीदा उभा राहिलोय. वाट अडते ती जास्त करून उभ्या केलेल्या मोटारसायकलींनी.

मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं फुटपाथ वापरण्याचा हक्क घटनेच्या कलम २१ मध्ये, जगण्याच्या हक्कात धरला. ती बातमी मी पत्नीला वाचून दाखवली. ती म्हणाली, "मग तो खांब हलवतील का?"

मी चालतो, कारण चालताना मला थांबता येतं. स्कूटरवरून कोणाच्या ओट्याजवळ थांबायचं म्हणजे आधी ती लावायला जागा शोधा. चालण्याची वाट चांगली की वाईट हे मी त्यावरूनच ठरवतो: इथं मला उभं राहता येतं का, दोघांना शेजारी शेजारी बोलत जाता येतं का? देवपुरातल्या नव्या कॉलन्यांत रस्ते रुंद आहेत, पण दोन्ही बाजूंना कंपाउंडच्या भिंती, आणि टेकायला दगडही नाही.

पत्नी आता पुन्हा माझ्याबरोबर निघते, फक्त पुलापर्यंत. आग्रा रोड आला की ती रिक्षा करते आणि मी पुढे पायी जातो.