दुधाळ निगेटिव्ह आणि हायपोचा धडा

जानेवारीतल्या सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत काढलेला एचपी ५ चा, म्हणजे ब्लॅक अँड व्हाइट फिल्मचा रोल मी मे महिन्यात घरीच धुतला. नंदीध्वज, बाराबंदी घातलेले मानकरी, तळ्याकाठची गर्दी, सगळं त्या छत्तीस फोटोंत होतं. फिल्म धुण्याच्या छोट्या टाकीचं झाकण उघडलं, रीळ बाहेर काढलं आणि पोटात गोळाच आला. फिल्म दुधाळ. उजेडाकडे धरली तरी पलीकडचं दिसेना, साय धरल्यासारखी.

तशीच ओली फिल्म परत टाकीत घातली, वर पाणी ओतलं आणि आमच्या भागातल्या जुन्या स्टुडिओवाल्या काकांना फोन लावला. डार्करूममध्ये उभी हयात गेलेला माणूस. त्यांनी विचारलं, "हायपो कधीचा आहे बे?" हायपो म्हणजे फिल्मवरचे उरलेले चांदीचे क्षार काढून चित्र पक्कं करणारं रसायन. दिवाळीपासूनची तीच बाटली वापरत होतो. "मग संपलाय तो. फिल्म कुठं जात नाही, ताजा हायपो कर आणि परत टाक."

लिटरभर पाण्यात अडीचशे ग्रॅम हायपोचे खडे. विरघळताना पाणी एवढं गार पडतं, की बाटली हाताला थंड लागते. सोलापूरच्या मे महिन्यात हा फायदा वाटेल, पण फिल्मला तापमानाचे धक्के सोसत नाहीत, जिलेटिनला बारीक सुरकुत्या पडतात. म्हणून आता डेव्हलपर (चित्र उमटवणारं रसायन), स्टॉप बाथ (ते काम थांबवणारं आम्लाचं पाणी), हायपो, धुण्याचं पाणी, सगळं बर्फाच्या टबात ठेवून २४ अंशांवर आणतो. २० अंशांचा हट्ट मी इथं उन्हाळ्यात धरतच नाही, चार्ट बघून डेव्हलपरची वेळ कमी करतो.

फिल्म टाकायच्या आधी काकांनी एक चाचणी करायला लावली, आणि ती मी आता प्रत्येक वेळी करतो. रोलच्या तोंडाचा कापलेला तुकडा घ्यायचा, त्यावर हायपोचा एक थेंब ठेवायचा, अर्ध्या मिनिटाने अख्खा तुकडा हायपोत बुडवायचा. थेंबाची जागा आधी स्वच्छ होते. भोवतालचा भाग तिच्याइतकाच पारदर्शक झाला, की घड्याळ बघायचं. त्याच्या दुप्पट वेळ फिल्म ठेवायची. ताज्या हायपोत तीन मिनिटं लागली, जुन्यात आठ मिनिटांनीही तुकडा धुरकट. ताज्यापेक्षा दुप्पट वेळ लागायला लागला, की तो हायपो बाद.

माझा हायपो लवकर मेला, कारण मी स्टॉप बाथ वापरतच नव्हतो, नुसतं पाणी फिरवून पुढं जात होतो. डेव्हलपर अल्कलीयुक्त असतो, तो जिलेटिनच्या थरात मुरून हायपोत उतरतो आणि त्याला लवकर संपवतो. आता स्टॉप बाथ म्हणून किराणा दुकानातलं लिंबूसत्व, लिटरला पंधरा ग्रॅम, अर्धा-एक मिनिट. डेव्हलपिंग तिथल्या तिथं थांबतं. मात्र ही पूड थेट साध्या हायपोत घालू नये, गंधक सुटून पाणी पांढरं होतं.

आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं, नळाखाली तासभर फिल्म धरणं परवडत नाही. टाकीत पाणी भरून पाच वेळा उलटसुलट, मग नवं पाणी दहा वेळा, मग वीस वेळा. साध्या हायपोसाठी मी आणखी दोनदा पाणी बदलतो. शेवटचं पाणी डिस्टिल्ड, नाहीतर वाळल्यावर क्षारांचे डाग राहतात. वापरलेल्या हायपोत चांदी उतरलेली असते, म्हणून तो मोरीत न ओतता कॅनमध्ये साठवतोय.

त्या रात्री ताज्या हायपोत सहा मिनिटांनी झाकण काढलं. साय गेली होती. पट्टी खिडकीत धरली, तर मानकऱ्यांच्या पांढऱ्या बाराबंद्या काळ्याभोर, आणि बारकाईनं पाहिलं तर छातीवरच्या नाड्यांच्या गाठीसुद्धा मोजता येत होत्या.