मे अखेरची उजनी: पाणी आटलं की मासा जुन्या पात्रात

उजनीचा साठा उणे टक्क्यांत गेल्याची बातमी वाचून गळवाले बेत रद्द करतात, ते चुकतं. सुमारे ११७ टीएमसीच्या या धरणात ६३ टीएमसीच्या आसपास मृतसाठाच, म्हणजे टक्क्यांत न धरला जाणारा तळाचा साठा आहे. शून्य टक्के म्हणजे निम्म्याहून जास्त पाणी शिल्लक. फक्त ते भीमेच्या जुन्या पात्राकडे सरकतं, आणि मासाही तिकडेच जातो.

पुण्याहून सोलापूर महामार्गाने भिगवण साधारण १०० किलोमीटर, पळसदेव त्याच्या पुढे. पळसदेवचं एरवी पाण्यात असणारं जुनं मंदिर उघडं पडलं असेल, तर काठालगतच्या सपाट उथळ भागात गळ टाकण्यात अर्थ नाही. तिथे चिलापीच्या नरांनी घरट्यासाठी उकरलेले, ताटाएवढे खड्डे कोरडे पडलेले दिसतात. जुनं पात्र वळण घेऊन काठाजवळ येतं ती जागा स्थानिक मच्छीमारांना विचारून घ्यावी. मासेमारीची परवानगीही तिथल्या मच्छीमार संस्थेकडे त्याच वेळी विचारावी.

वेळेचं गणित या दिवसांत बदलतं. पाणी शेवाळाने हिरवंगार असतं. ते शेवाळ रात्रभर प्राणवायू ओढतं, त्यामुळे तो पहाटे सगळ्यात कमी असतो. मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसले तरी गळाला लागत नाहीत. सूर्य वर आल्यावर, साडेसात ते दहा, हा खरा वेळ. वारं पश्चिमेचं असेल तर लाटा जिथे आपटतात तो काठ धरावा. ढवळलेल्या पाण्यात मासा जास्त हालचाल करतो.

रोहू-मृगळसाठी तळाला: ०.३५ मिमी तंगूस (नायलॉनचा दोर), त्यावर सरकतं शिशाचं वजन, शेंगदाणा पेंड ५०० ग्रॅम, भाजलेला तांदळाचा कोंडा २०० ग्रॅम आणि बांधायला १०० ग्रॅम कणीक. पाणी हळूहळू घालून घट्ट मळावं. कोमट पाण्यात सैल गोळा लगेच विरघळतो आणि उरलेला चिलापी कुरतडते, म्हणून लिंबाएवढा गोळा दर १५-२० मिनिटांनी बदलावा. कटला मधल्या-वरच्या थरात चरतो, त्याला तरंग्याखाली मीटरभर दोर पुरे. चिलापीला १० नंबरचा गळ आणि गांडुळाचा तुकडा. तिच्यासाठी याहून जास्त खटपट नको.

गाळाची पपडी वरून भेगाळलेली आणि कडक दिसते, पण पाण्याजवळ आत लोणी असतं. काठीने टोचत जावं. काठी सहज आत गेली की थांबावं. मागे हटणाऱ्या पाण्याच्या मागोमाग शेतकरी मोटारी पुढे नेतात, त्यांच्या केबल पाण्यात पडलेल्या असतात. तिथे गळ अडकला तर दोर तोडावा, ओढू नये.

दुपारनंतर होडीत बसू नये. २१ मे २०२४ रोजी उजनीतच कुगाव-कळाशी दरम्यान वादळी वाऱ्यात प्रवासी बोट उलटून सहा जण बुडाले, तेही याच दिवसांत. वळवाचा ढग दिसल्यापासून वारा सुटेपर्यंत इतक्या रुंद पाण्यात काठ गाठता येत नाही. लाइफ जॅकेट नसलेली होडी सकाळीसुद्धा नाकारावी.

बर्फ भिगवणलाच घ्यावा, मासळीच्या वजनाइतका. पोट लगेच साफ करावं, या उन्हात तासाभरात वास मारायला लागतो. पोट फुगलेली रोहू-कटल्याची मादी मात्र ओल्या हातांनी गळ काढून पाण्यात सोडावी. पावसाच्या पहिल्या लोंढ्याबरोबर ती अंडी घालायला वर चढणार असते.