मोदक : गुबगुबीत अक्षरांचा फॉन्ट आणि त्याचा वापर

देवनागरीत ठळक फॉन्ट पुष्कळ आहेत. परंतु ‘मोदक’इतका गुबगुबीत फॉन्ट माझ्या तरी पाहण्यात दुसरा नाही. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट घडवणाऱ्या गटाने तो घडवला असून त्यातील देवनागरी अक्षरे सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांची, तर रोमन अक्षरे नूपुर दाते यांची आहेत. वजन, म्हणजे रेघांची जाडी, एकच, आणि तेही कमाल. रेघा फुगून एकमेकींना इतक्या बिलगलेल्या असतात की अक्षराच्या पोटातली मोकळी जागा आक्रसून केवळ एक बारीक पांढरी फट उरते. वाचणाऱ्याचा डोळा अक्षर ओळखतो तो या फटीवरूनच. त्यामुळे या फॉन्टमधले खरे कसब काळ्यापेक्षा पांढऱ्यात आहे, असे मला वाटते.

देवनागरीत हे कसब पणाला लागते. ‘व’चा ‘ब’ होतो तो पोटातल्या एका तिरक्या रेघेमुळे, तर ‘घ’ आणि ‘ध’ यांच्यात फरक आहे तो डोक्यावरच्या गाठीचा आणि तिथे तुटणाऱ्या शिरोरेघेचा. रेघ जाड होत गेली की सर्वप्रथम याच खुणा बुजू लागतात. शिवाय वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार, खाली उकार आणि मध्येच ‘ष्ट्र’सारखे जोडाक्षर, एवढ्या सगळ्यांना त्याच जाडीत जागा करून द्यावी लागते.

म्हणूनच मोदक वापरायचा तो दोन-तीन शब्दांपुरता आणि भरपूर मोठ्या आकारात. बालनाट्याचे भित्तिपत्रक, खाऊच्या पाकिटावरचे नाव, गणेशोत्सवातील चित्रकला स्पर्धेचा फलक, अशा ठिकाणी तो शोभतो. (श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर तो अजून दिसलेला नाही, हे आपले नशीब!) तपशिलाचा मजकूर मात्र त्याच गटाच्या ‘मुक्ता’सारख्या साध्या, अनेक वजनांच्या फॉन्टमध्ये लावावा.

फ्लेक्स करणारी मंडळी सवयीने शीर्षकाला बाहेरून जाड किनार आणि सावली देतात. ती किनार फटीतही शिरते आणि ‘बालमहोत्सव’ या शब्दाचा एकसंध गोळा होतो. अक्षरांमधले अंतर वाढवणेही तितकेच वाईट, कारण त्याने शिरोरेघेचे तुकडे पडतात. कापडावर छपाई करायची असेल, तर शाई पसरून बारीक फटी भरून जाण्याची शक्यता लक्षात घ्यावी आणि आधी प्रत्यक्ष आकारात एक नमुना छापून तो हातभर अंतरावरून नव्हे, तर रस्त्याच्या पलीकडून वाचून पाहावा. फॉन्ट खुल्या परवान्याचा असून गूगल फॉन्ट्सवर विनामूल्य मिळतो, त्यामुळे मंडळाच्या वर्गणीतून त्यासाठी वेगळी तरतूद करावी लागत नाही.